हाय सोसायटी (चित्रपट, १९५६)

‘हाय सोसायटी’ हा मेट्रो-गोल्डविन-मेयर (एमजीएम) या हॉलिवूडमधील कंपनीचा १९५६ सालचा रंगीत संगीतपट. दिग्दर्शन चार्ल्स वॉल्टर्स यांचे, निर्मिती सोल सी. सीगल यांची, पटकथा जॉन पॅट्रिक यांची आणि गीत-संगीत कोल पोर्टर यांचे. ट्रेसी लॉर्ड या गर्भश्रीमंत तरुणीचे दुसरे लग्न तोंडावर आले आहे आणि नेमक्या त्याच वेळी तिच्यापुढे तीन पुरुष उभे आहेत. एक ठरलेला नवरदेव, दुसरा घटस्फोट झालेला पहिला नवरा आणि तिसरा लग्नाची बातमी करायला आलेला पत्रकार. या तिघांपैकी कोण, एवढाच कथेतला पेच. ग्रेस केली, बिंग क्रॉसबी, फ्रँक सिनात्रा, सेलेस्ट होम आणि जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग अशी मंडळी यात एकत्र आली. ग्रेस केलीने यानंतर एकाही कथापटात काम केले नाही.

कथेचे मूळ फिलिप बॅरी यांच्या ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ या नाटकात आहे. ते न्यूयॉर्कमध्ये मार्च १९३९ मध्ये रंगमंचावर आले आणि त्याचे चारशेहून अधिक प्रयोग झाले. नायिका होती कॅथरिन हेपबर्न. त्याआधीच्या वर्षी चित्रपटगृहांच्या मालकांनी तिच्यावर ‘तिकीटबारीवरचे विष’ असा शिक्का मारला होता. या नाटकाने तिला पुन्हा उभे केले. चित्रपटाचे हक्कही तिच्याच हाती राहिले, कारण उद्योगपती हॉवर्ड ह्यूजने ते तिच्यासाठी विकत घेतले होते. १९४० साली जॉर्ज क्यूकर यांनी तिला, कॅरी ग्रँटला आणि जेम्स स्ट्युअर्टला घेऊन त्यावर कृष्णधवल चित्रपट केला. स्ट्युअर्टला त्यासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. ‘हाय सोसायटी’ ही याच कथेची गाण्यांनी भरलेली दुसरी आवृत्ती. कथा मात्र फिलाडेल्फियाच्या परिसरातून उचलून ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट या समुद्रकाठच्या गावी नेली आहे.

कथानक

ट्रेसीचा (ग्रेस केली) पहिला नवरा सी. के. डेक्स्टर हेवन (बिंग क्रॉसबी) हा घरचा श्रीमंत, पण गंभीर संगीत सोडून लोकप्रिय गाणी आणि जॅझ यांत रमलेला. ट्रेसीला हे कधीच रुचले नव्हते. तो शेजारच्याच बंगल्यात राहतो आणि गावातल्या जॅझ महोत्सवाच्या निमित्ताने आर्मस्ट्राँगचा वाद्यवृंद घरी घेऊन आला आहे. दुसरा नवरा होऊ घातलेला जॉर्ज किट्रेज (जॉन लंड) स्वकष्टाने वर आलेला, नीटनेटका आणि प्रतिष्ठेला जपणारा आहे. त्यातच ‘स्पाय’ नावाचे एक चव्हाट्यावरचे साप्ताहिक लॉर्ड कुटुंबाला कोंडीत पकडते. ट्रेसीच्या वडिलांच्या एका नर्तकीशी असलेल्या संबंधांची बातमी दडवायची असेल, तर लग्नाचा वृत्तांत आम्हाला करू द्या, अशी अट घालते. म्हणून माइक कॉनर (फ्रँक सिनात्रा) हा लेखक आणि लिझ इम्ब्री (सेलेस्ट होम) ही छायाचित्रकार घरात येतात. घरात घुसलेल्या या दोघांना चकवण्यासाठी ट्रेसी विलीमामाला वडील म्हणून उभे करते. पुढे खरे वडील हजर झाले की त्यांनाच विलीमामा व्हावे लागते.

आदल्या रात्रीच्या मेजवानीत ट्रेसी शॅम्पेन पिते, माइकबरोबर नाचते, तलावात पोहते आणि माइक तिला उचलून घरी आणतो तेव्हा जॉर्ज ते पाहतो. काही वावगे घडलेले नसते. तरी सकाळी जॉर्जचे दूषण देणारे पत्र येते आणि लग्न मोडते. माइक तिथल्या तिथे मागणी घालतो. ट्रेसी प्रेमाने नकार देते, कारण माइकची जागा लिझजवळ आहे हे तिला दिसते. पाहुणे तर जमलेले. डेक्स्टर एकेक वाक्य मागून सांगतो, ट्रेसी ते पाहुण्यांसमोर म्हणते आणि त्या सांगण्यातच दोघांचे पुन्हा लग्न ठरते.

निवड गाण्यांतून

१९४० च्या चित्रपटात ट्रेसीची निवड बोलण्यातून ठरते. माणसे भांडतात, टोमणे मारतात, एकमेकांना उघडे पाडतात. संगीतपटात ते काम गाण्यांकडे आले आहे आणि हीच या चित्रपटाची खरी कारागिरी आहे. कोणाला किती आणि कशी गाणी दिली आहेत हे पाहिले की शेवट आधीच कळतो. जॉर्जला एकही गाणे नाही. पोर्टरच्या जगात ज्याला गाता येत नाही त्याला ट्रेसी मिळणार नाही, हे पहिल्या अर्ध्या तासातच पक्के होते.

माइकला ट्रेसीसाठी दोन गाणी आहेत, ‘यू आर सेन्सेशनल’ आणि ‘माइंड इफ आय मेक लव्ह टू यू’. सिनात्रा त्या काळात गायक म्हणून ऐन भरात होता आणि ही दोन्ही गाणी तो अगदी जवळ येऊन, हलक्या आवाजात म्हणतो. पण दोन्ही वेळा गातो तो एकटाच. ट्रेसी ऐकते, विरघळते, गात मात्र नाही. माइकचे जोडगाणे आहे ते लिझबरोबर. लग्नात आलेल्या भेटवस्तूंनी भरलेल्या दालनात चांदीची भांडी आणि काचसामान न्याहाळत दोघे ‘हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर?’ म्हणतात. एक विचारतो, लक्षाधीश व्हायचेय का, दुसरी म्हणते, मला नको. या प्रश्नोत्तरांच्या खेळात ती दोघे किती एकमेकांची आहेत हे ट्रेसीच्या कितीतरी आधी प्रेक्षकाला कळते.

डेक्स्टरचे प्रकरण वेगळे. ‘आय लव्ह यू, समँथा’ हे तो मेजवानीला जाण्यासाठी कपडे करताना आपल्या खोलीत म्हणतो आणि आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट त्याला साथ देतो. ट्रेसी समोर नसतेच. समँथा हे तिचे मधले नाव, आणि या गाण्यात तो तिला त्याच नावाने हाक मारतो. ‘ट्रू लव्ह’ हे गाणे येते ते आठवणीतल्या दृश्यात. लग्नानंतरच्या सफरीत शिडाच्या नौकेवर डेक्स्टर कॉन्सर्टिना हे भात्याचे छोटे वाद्य वाजवत गातो. चाल वॉल्ट्झ या तीन मात्रांच्या नृत्याची, संथ आणि साधी, पोर्टरच्या नेहमीच्या शब्दचमत्कृतीपासून दूर. शेवटी ट्रेसी त्याच्या सुरात सूर मिसळते. ग्रेस केली गायिका नव्हती. आवाज लहान, थोडा बुजरा आणि क्रॉसबीच्या भरदार खर्जाशेजारी आणखीच नाजूक वाटणारा. पण तोच आवाज ठेवला हे फार चांगले झाले. एखाद्या कसलेल्या गायिकेने हे गाणे सुंदर केले असते, पण मग ही बाई या एका माणसाबरोबरच गाऊ शकते हे पटले नसते. या गाण्याच्या तबकडीच्या दहा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

क्रॉसबी आणि सिनात्रा यांचे ‘वेल, डिड यू एव्हा!’ हे द्वंद्वगीत आज सर्वाधिक आठवले जाते. ते या चित्रपटासाठी लिहिलेले नव्हते. हे दोन बडे गायक प्रथमच एका चित्रपटात एकत्र अभिनय करत होते आणि दोघांचे मिळून गाणे नव्हते, म्हणून पोर्टर यांच्या १९३९ सालच्या ‘दुबारी वॉज अ लेडी’ या संगीतिकेतले जुने गाणे शब्द बदलून घेतले. त्या संगीतिकेत बेटी ग्रेबलबरोबर ते सादर करणारा तरुण नर्तक होता चार्ल्स वॉल्टर्स, म्हणजे या चित्रपटाचे दिग्दर्शक. मेजवानीच्या गोंगाटातून सटकून अभ्यासिकेत पेला हातात घेतलेले दोन प्रतिस्पर्धी एकमेकांची फिरकी घेतात. लहानपणापासून क्रॉसबीला दैवत मानणारा सिनात्रा मधेच त्याच्या गायकीलाच चिमटा काढतो. कॅमेरा बहुतेक वेळ स्थिर आहे, दोघे पायांनी फारसे नाचतही नाहीत. वॉल्टर्स स्वतः नृत्यदिग्दर्शक होते, म्हणूनच कुठे हात आखडता घ्यायचा हे त्यांना ठाऊक होते.

कोल पोर्टर

ज्या वर्गाची गोष्ट चित्रपटात आहे, त्याच वर्गात पोर्टर वावरले होते. १८९१ साली इंडियानात श्रीमंत घरी जन्म, येल विद्यापीठात शिक्षण, पुढे पॅरिस आणि व्हेनिस. त्यामुळे श्रीमंतांची थट्टा ते आतल्या माणसासारखी करतात. १९३७ साली घोडा अंगावर पडून त्यांचे दोन्ही पाय चिरडले आणि त्यानंतरचे आयुष्य शस्त्रक्रिया आणि वेदनांमध्ये गेले. १९५४ साली पत्नी लिंडा वारली. ‘हाय सोसायटी’ची गाणी त्यानंतरची आहेत. १९५८ मध्ये उजवा पाय कापावा लागला आणि त्यांनी लिहिणे थांबवले. ‘ट्रू लव्ह’मधला साधेपणा हा थकवा होता की निवड, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. गाणे ऐकताना ती निवडच वाटते.

आर्मस्ट्राँग आणि न्यूपोर्ट

चित्रपट सुरू होतो तो आर्मस्ट्राँगच्या वाद्यवृंदाच्या बसमध्ये. ‘हाय सोसायटी कॅलिप्सो’ म्हणत तो प्रेक्षकाला सगळी पूर्वकथा सांगून टाकतो. ‘नाऊ यू हॅज जॅझ’ या गाण्यात क्रॉसबी वादकांची एकेक करून ओळख करून देतो. एडमंड हॉलची क्लॅरिनेट, ट्रमी यंगचा ट्रॉम्बोन, बिली काइलचा पियानो, आर्व्हेल शॉचा डबल बास आणि बॅरेट डीम्सचे ड्रम. जॅझ कसा रचला जातो हे चार-पाच मिनिटांत दाखवणारा इतका सोपा धडा हॉलिवूडने क्वचितच दिला असेल.

तरीही एक गोष्ट खटकते. आर्मस्ट्राँग आणि त्याचे साथीदार मेजवानीत वाजवतात, कथेवर टिप्पणी करतात, शेवटी लग्नाची धूनही जॅझमध्ये वळवतात. पण कथेत त्यांना शिरकाव नाही. आर्मस्ट्राँग कृष्णवर्णीय, घर गोऱ्या श्रीमंतांचे. जगातला सर्वांत मोठा जॅझ वादक त्या घरात सूत्रधार आहे, पाहुणा नाही. १९५६ च्या अमेरिकेत हे कोणाला विचित्र वाटले नाही, हेच नोंदवण्यासारखे आहे. पुढच्याच वर्षी आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश देण्याच्या प्रश्नावर आर्मस्ट्राँगने सरकारवर जाहीरपणे कडक टीका केली. आर्मस्ट्राँगच्या वादनाचा ठसा तेव्हा मुंबईतही उमटलेला होता. आल्दोना या गोव्यातल्या गावचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (आंतोनियो झेवियर वाझ) मुंबईच्या हॉटेलांत आणि हिंदी चित्रपटसंगीतात गाजत होता आणि लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

न्यूपोर्टची निवडही विचारपूर्वक केलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हँडरबिल्टसारख्या घराण्यांनी तिथे उन्हाळ्यासाठी प्रासाद बांधले. सत्तर खोल्यांच्या ‘द ब्रेकर्स’लाही ती मंडळी ‘कॉटेज’च म्हणत. १९५४ साली याच गावात जॅझ महोत्सव सुरू झाला. ओस पडत चाललेली जुनी श्रीमंती आणि दारात आलेले नवे संगीत, दोन्ही चित्रपटात दिसतात. ट्रेसी माइकला मोटारीतून गावभर फिरवते तेव्हा करांच्या ओझ्याखाली बंद पडलेले वाडे त्याला दाखवते. श्रीमंतांचा तिटकारा असलेला माइक त्या फेरफटक्यात पहिल्यांदा मऊ होतो. हे दृश्य गाण्यांइतकेच मोलाचे आहे.

ग्रेस केली

मोनॅकोचे प्रिन्स तिसरे रेनिए यांच्याशी केलीचा साखरपुडा जानेवारी १९५६ मध्ये जाहीर झाला, त्यानंतर चित्रीकरण झाले, एप्रिलमध्ये लग्न आणि जुलैमध्ये चित्रपट प्रदर्शित. ट्रेसीच्या बोटातली हिऱ्याची अंगठी ही केलीची स्वतःची साखरपुड्याची अंगठी आहे. चित्रपटातले तिचे कपडे हेलन रोझ यांनी केले आणि खऱ्या लग्नाचा पोशाखही त्यांनीच. तेव्हा केली २६ वर्षांची आणि क्रॉसबी ५२ वर्षांचा होता. या अंतराकडे दुर्लक्ष करणे अवघड आहे. दोघे बालपणापासूनचे शेजारी आहेत असे संवाद सांगतात तेव्हा ते मनाला पटत नाही. गाणी सुरू झाली की मात्र ते विसरायला होते.

मूल्यमापन

प्रदर्शनानंतर चित्रपट भरपूर चालला, पण समीक्षकांनी त्याची तुलना १९४० च्या चित्रपटाशी केली आणि संवादांची धार बोथट झाल्याचे म्हटले. ते खरे आहे. तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यांनी घटस्फोटित जोडपी पुन्हा एकत्र येणाऱ्या विनोदी चित्रपटांना ‘पुनर्विवाहाची सुखात्मिका’ असे नाव दिले आणि त्यात जुन्या चित्रपटाला मानाचे स्थान दिले. परपुरुषाशी जवळीक दाखवण्यावर तेव्हाच्या निर्मितीसंहितेचे, म्हणजे चित्रपटांत काय दाखवावे याच्या हॉलिवूडच्या नियमावलीचे, कडक निर्बंध होते. पहिल्याच नवऱ्याकडे परतण्याची वाट ठेवली की बाकीचा खोडसाळपणा खपून जाई.

आज सर्वांत जास्त टोचते ते वडिलांचे भाषण. आपण बाहेरख्याली झालो याला मुलीचा थंडपणा जबाबदार आहे, तिने मायेने वागवले असते तर असे झाले नसते, असे सेथ लॉर्ड ट्रेसीलाच सुनावतात, आणि पटकथा त्यांची बाजू घेते. दोष बापाचा, शिकवण मुलीला. तिघांमधून निवडण्याचे स्वातंत्र्य ट्रेसीला दिसायला मिळते, पण त्याआधी तिला नमवण्याची तयारी कथेने करून ठेवलेली असते. केलीने ते दृश्य डोळ्यांतल्या दुखावलेपणाने सांभाळले आहे.

ऑस्करसाठी ‘ट्रू लव्ह’ला सर्वोत्कृष्ट गीताचे नामांकन मिळाले, पुरस्कार ‘के सेरा, सेरा’ या गीताला गेला. संगीत संयोजनासाठी जॉनी ग्रीन आणि सॉल चॅप्लिन यांचेही नामांकन झाले. आणखी एक नामांकन चुकून झाले. मूळ कथेच्या विभागात एडवर्ड बर्न्ड्स आणि एल्वुड उलमन यांची नावे जाहीर झाली, पण त्यांनी लिहिलेला ‘हाय सोसायटी’ हा १९५५ सालचा वेगळाच, ‘बॉवरी बॉइज’ या विनोदी चमूचा स्वस्तातला चित्रपट होता. दोघांनी स्वतःहून नावे मागे घेतली.

पुढील वाटचाल

‘हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर?’ हे नाव १९९८ साली ब्रिटनमधील प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमाने घेतले. त्याच कार्यक्रमाचे भारतीय रूप म्हणजे २००० सालापासूनचे ‘कौन बनेगा करोडपती’, आणि २०१३ साली सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली आलेले ‘कोण होईल मराठी करोडपती’ हे त्याचे मराठी भावंड. पोर्टरच्या गाण्यात मात्र दोघेही पैशाला नकोच म्हणतात.

चित्रपटावरून लंडनमध्ये १९८७ साली आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या नाट्यगृहांच्या भागात १९९८ साली संगीतिका आल्या. लंडनच्या ओल्ड व्हिक रंगमंदिरात २०१५ मध्ये ती पुन्हा झाली. या रंगावृत्त्यांमध्ये पोर्टरची इतर गाणी जोडली गेली आणि ब्रॉडवेवर ट्रेसीला स्वतःची अशी गाणी मिळाली.