लफ्रॉइग डिस्टिलरी

लफ्रॉइग : स्कॉटलंडच्या आयला बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्ट एलन गावाजवळची सिंगल माल्ट (म्हणजे एकाच डिस्टिलरीत, केवळ मोड आणून वाळवलेल्या जवापासून, अर्थात माल्टपासून केलेल्या) व्हिस्कीची डिस्टिलरी. स्थापना १८१५. डोनाल्ड आणि अलेक्झांडर जॉन्स्टन या शेतकरी भावांनी ती सुरू केली. पुढे अलेक्झांडरने आपला वाटा भावाला विकला. डोनाल्ड १८४७ मध्ये अर्धवट तयार मालाच्या हौदात पडून मेला, असे सांगतात.

लफ्रॉइगचा इतिहास बराचसा भांडणांचा आहे. शेजारच्या लागावुलिन डिस्टिलरीचा मालक पीटर मॅकी याच्या कंपनीकडे लफ्रॉइगच्या विक्रीची एजन्सी होती. ती १९०७ मध्ये गेली, तेव्हा त्याने डिस्टिलरीचे पाणीच अडवले. कोर्टाने ते सोडायला लावले. मग १९०८ मध्ये त्याने स्वतःच्या आवारात माल्ट मिल नावाची डिस्टिलरी उभारून लफ्रॉइगची हुबेहूब नक्कल करायचा घाट घातला. व्हिस्की तयार झाली, पण ती चव काही आली नाही.

या चवीचे मूळ पीटमध्ये, म्हणजे दलदलीत वर्षानुवर्षे साचून घट्ट झालेल्या वनस्पतींच्या थरात आहे. भिजवलेले जव दगडी फरशीवर पसरून, उलथेपालथे करून मोड आणतात आणि पीटच्या धुरावर वाळवतात. फरशीवरचे हे काम आजही चालते, मात्र गरजेच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकेच. बाकीचा माल्ट बाहेरून येतो. या धुरामुळे व्हिस्कीला आयोडीनसारखा दवाखानी वास येतो. अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात (१९२०–३३) तो पथ्यावर पडला : लफ्रॉइग तिथे औषध म्हणून कायदेशीरपणे विकली गेली.

जॉन्स्टन घराण्यातला शेवटचा मालक इयान हंटर. त्याच्याकडे १९३४ मध्ये बेसी विल्यमसन ही ग्लासगोची पदवीधर तरुणी टायपिस्ट म्हणून उन्हाळ्यापुरती आली आणि तिथेच राहिली. हंटरला पक्षाघात झाल्यावर कारभार हळूहळू तिच्याकडे आला. १९५४ मध्ये तो वारला, तेव्हा मृत्युपत्रानुसार डिस्टिलरीही तिचीच झाली. स्कॉच व्हिस्कीच्या पुरुषी धंद्यात ही गोष्ट साधी नव्हती. साठच्या दशकात तिने आपले भाग टप्प्याटप्प्याने लाँग जॉन कंपनीला विकले आणि १९७२ मध्ये ती निवृत्त झाली.

नंतर मालक बदलत गेले; सध्या मालकी जपानच्या सनटोरीकडे आहे. १९९४ मध्ये प्रिन्स चार्ल्स यांचे राजमान्यतापत्र मिळाले. त्याच वर्षी सुरू झालेल्या योजनेत बाटली घेणाऱ्या सभासदाच्या नावे डिस्टिलरीजवळची एक चौरस फूट जमीन आजन्म भाडेपट्ट्याने होते. भाडे डिस्टिलरीच देते : वर्षाला एक घोट व्हिस्की, तीही आयलाला येऊन घ्यायची.