डांबर गोळीने झुरळं जात नाहीत

नागपुरातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये सिंकच्या आणि बाथरूमच्या जाळीवर डांबर गोळ्या पडलेल्या दिसतात. त्यांच्या वासाने झुरळं येत नाहीत, ही समजूत चुकीची आहे. गोळीची वाफ बंद पेटीत साठते, म्हणून तिथे कपड्यांची कसर मरते. उघड्या जाळीवर ती हवेत विरून जाते. शिवाय लहान मुलाने गोळी गिळली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. आजच उचलून टाका.

मोठं तांबूस झुरळ गटारातून येतं. नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या भागात साठलेलं पाणी त्याला अडवतं, पण नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, घर पंधरा दिवस बंद राहिलं की ते आटतं आणि वाट मोकळी होते. गावाला जाताना ट्रॅपमध्ये पाणी भरा, वर दोन चमचे खाद्यतेल सोडा. जाळी बारीक भोकांची हवी.

मानेमागे दोन काळ्या रेघा असलेलं छोटं झुरळ मात्र घरातच वाढतं: फ्रिजच्या मोटरमागे, ओट्याखाली, बिजागरीच्या फटीत. तिथे झुरळं मारायच्या विषारी जेलचे ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपके लावा, एकाच ठिकाणी गोळा नको. त्याच जागी स्प्रे मारलात तर झुरळं जेलकडे फिरकत नाहीत; बहुतेकांचं इथेच चुकतं. अंड्यांच्या एका पिशवीतून तीस-चाळीस पिल्लं निघतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी ठिपके पुन्हा लावावेच लागतात. रात्री ओटा कोरडा ठेवा, खरकटं झाका. दुसरं खाणं मिळालं तर ती जेल कशाला खातील?