मॅनेजरचा शोक (इंग्लिश फुटबॉल)

फुटबॉल क्लबचा माजी मॅनेजर वारल्यावर त्या क्लबच्या चाहत्यांनी एकत्र येऊन पाळायचा शोक. मैदानाच्या फाटकाला स्कार्फ बांधणे, जर्सी आणि फुले ठेवणे, पुढच्या सामन्याआधी मिनिटभर मौन पाळणे किंवा टाळ्या वाजवणे, खेळाडूंनी दंडाला काळी फीत लावणे आणि पुढे काही वर्षांनी पुतळा, फाटक, स्टँड किंवा रस्त्याला नाव, असे त्याचे ढोबळ रूप. प्रथा मुख्यतः इंग्लंड-स्कॉटलंडची. तिथल्या कोळसा खाणींच्या आणि कारखान्यांच्या गावांत ती रुजली.

मराठीत मॅनेजर म्हटले की बँकेतला किंवा लॉजच्या काउंटरवरचा माणूस डोळ्यांपुढे येतो. त्याच्या जाण्याने हजारो लोक रस्त्यावर रडतील, हे चित्र जुळत नाही. इंग्लिश फुटबॉलमधला मॅनेजर वेगळा. संघ निवडणे, खेळाडू विकत घेणे-विकणे, सरावावर देखरेख, पराभवानंतर पत्रकारांपुढे उभे राहणे, हे सगळे निदान विसाव्या शतकात तरी या एकाच माणसाकडे असे. खेळाडू येतात-जातात, मालक बदलतात. गावाला तोंडपाठ असतो तो मॅनेजरचा काळ. ‘शँक्लींच्या वेळी’, ‘क्लफच्या दिवसांत’ अशी कालगणना चालते.

पण नुसत्या कर्तृत्वाने हा शोक समजत नाही. मॅनेजरची नोकरी बहुधा वाईट तऱ्हेने संपते. कुणाला मालक नारळ देतात, कुणी भांडून जातो, कुणी स्वतःहून सोडतो आणि मग पस्तावतो. तो वारतो तेव्हा क्लब आणि त्याच्यातला हिशेब अर्धवटच राहिलेला असतो. चाहत्यांच्या शोकात म्हणून दुःखाबरोबर एक कबुलीही असते: आपल्या क्लबने या माणसाला नीट निरोप दिला नाही, तो आता आपण देऊ.

जुने उदाहरण आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांचे. ६ जानेवारी १९३४ च्या पहाटे ते न्यूमोनियाने गेले आणि त्याच दुपारी आर्सेनलच्या हायबरी मैदानावर शेफील्ड वेन्सडे या क्लबविरुद्धचा सामना ठरलेला होता. तो रद्द झाला नाही. मॅनेजर सकाळी जातो आणि संघ दुपारी खेळतो, यात आज कुणाला निर्दयपणा दिसेल; तेव्हाच्या प्रेक्षकाला मैदानात जमणे हीच शोकसभा वाटली असावी. जेकब एपस्टाइन यांनी घडवलेला चॅपमन यांचा अर्धपुतळा पुढे स्टेडियमच्या दर्शनी दालनात बसवला गेला.

आज जे रूप ओळखीचे आहे ते मात्र लिव्हरपूलच्या बिल शँक्लींपासून धरावे. ग्लेनबक नावाच्या स्कॉटिश खाणगावात १९१३ साली जन्मलेले शँक्ली डिसेंबर १९५९ मध्ये लिव्हरपूलला आले तेव्हा क्लब दुसऱ्या विभागात खितपत पडला होता. तीन लीग विजेतेपदे, दोन एफए कप आणि एक यूएफा कप जिंकून जुलै १९७४ मध्ये त्यांनी अचानक राजीनामा दिला. लोकांना खरे वाटेना. शँक्लींनाही पुढे फार काळ खरे वाटले नसावे, कारण ते सरावाच्या मैदानावर येतच राहिले. खेळाडू जुन्या सवयीने त्यांना ‘बॉस’ म्हणत आणि नवे मॅनेजर बॉब पेझ्ली यांची पंचाईत होई. हळूहळू ते येईनासे झाले. ज्याने क्लब उभा केला त्याला दुरून पाहावे लागले, ही सल लिव्हरपूलमध्ये अजून बोलून दाखवली जाते.

२९ सप्टेंबर १९८१ ला हृदयविकाराने शँक्ली गेले. लेबर पक्षाचे वार्षिक अधिवेशन तेव्हा चालू होते. आयुष्यभर समाजवादी राहिलेल्या या माणसासाठी तिथेही मौन पाळले गेले. ३ ऑक्टोबरला लिव्हरपूलच्या मैदानावर, म्हणजे अ‍ॅनफिल्डवर स्वॉन्झीविरुद्ध सामना होता. स्वॉन्झीचे मॅनेजर जॉन टोशॅक हे शँक्लींनीच लिव्हरपूलला आणलेले जुने खेळाडू. मौनासाठी उभे राहिल्यावर त्यांनी अंगावरचा ट्रॅकसूट उतरवला. आत लिव्हरपूलची लाल जर्सी होती. दुसऱ्या संघाच्या मॅनेजरने असे करणे शिस्तीत बसते का, असा प्रश्न त्या दिवशी कुणाला पडला नसेल. पुढच्या वर्षी शँक्ली गेट उभे राहिले आणि ते शँक्लींच्या पत्नी नेसी यांनी उघडले. १९९७ मध्ये पुतळा बसला. त्याखाली ट्रॉफींची यादी नाही, ‘त्यांनी लोकांना आनंद दिला’ एवढाच मजकूर आहे.

शोक ट्रॉफींच्या प्रमाणात वाटला जात नाही, हेही लिव्हरपूलमध्येच दिसते. पेझ्लींनी सहा लीग आणि तीन युरोपियन कप जिंकले, शँक्लींच्या कितीतरी पुढे. १९९६ मध्ये ते गेले तेव्हा शहर हळहळले, १९९९ मध्ये त्यांच्या नावाचे गेटही झाले. पण पुतळ्याला २०२० उजाडावे लागले. पेझ्ली अबोल होते. शँक्ली रस्त्यावर थांबून पोरांशी फुटबॉल बोलत, चाहत्यांच्या पत्रांना स्वतः टाइपरायटरवर उत्तरे लिहीत. लोक रडतात ते बहुधा अशा भेटींसाठी.

शँक्ली, मँचेस्टर युनायटेडचे मॅट बझबी आणि सेल्टिकचे जॉक स्टीन या तिघांची मुळे स्कॉटलंडच्या कोळसापट्ट्यात, पेझ्ली आणि बॉबी रॉब्सन यांची इंग्लंडच्या डरहम परगण्यात. हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. डरहममध्ये दर उन्हाळ्यात खाणकामगारांचा मेळा भरतो आणि प्रत्येक खाणीचे रेशमी निशाण मिरवत नेले जाते. वर्षभरात खाणीत कुणी मेला असेल तर तिच्या निशाणावर काळे कापड लावण्याची रीत होती. मैदानाच्या फाटकावरचे स्कार्फ पाहताना चर्चपेक्षा त्या निशाणांची आठवण अधिक होते. स्टीन तर मैदानातच गेले. तेव्हा ते स्कॉटलंडच्या संघाचे मॅनेजर होते. १० सप्टेंबर १९८५ ला कार्डिफमध्ये वेल्स-स्कॉटलंड सामना बरोबरीत सुटत असतानाच ते कोसळले. ग्लासगोत त्यांच्या अंत्ययात्रेला रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी होती.

फुले आणि स्कार्फ यांचे आजचे ढीग मात्र एका दुर्घटनेने शिकवले. एप्रिल १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे चाहते मेले, त्यानंतर अ‍ॅनफिल्डचे मैदान फुलांनी भरले आणि तिथपासून त्याच शहरातल्या एव्हर्टन क्लबच्या गुडिसन पार्कपर्यंत दोन्ही क्लबांच्या स्कार्फची साखळी बांधली गेली. हाडवैरी क्लबचा स्कार्फ आपल्या फाटकाला चालतो, किंबहुना तो सर्वांत मोलाचा, हे तेव्हा पक्के झाले.

मौनाची गोष्ट अवघड. हजारो माणसे एक मिनिट गप्प राहिली तर तो आवाज अंगावर येतो. पण एकाने जरी ओरडायचे ठरवले तर सगळे मौन त्याच्या हातात जाते. २० जानेवारी १९९४ ला बझबी वारले, वयाच्या ८४ व्या वर्षी. दोन दिवसांनी युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर एव्हर्टनविरुद्धचा सामना होता. एकटा बॅगपाइपवाला संघांपुढे चालत मैदानात आला, आणि पाहुण्या चाहत्यांनीही मौन काटेकोर पाळले. त्याच आठवड्यात ब्लॅकबर्नला मात्र लीड्सच्या काही समर्थकांनी बझबींसाठीचे मौन मोडून डॉन रेव्ही यांच्या नावाचा घोष केला.

तो ओंगळ प्रकार होता, त्यावर टीकाही झाली. पण त्यामागे जुना राग होता. लीड्सला मोठे करणाऱ्या रेव्हींनी १९७७ मध्ये इंग्लंडचे मॅनेजरपद सोडून संयुक्त अरब अमिरातीची नोकरी धरली. फुटबॉल असोसिएशनने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली, ती न्यायालयाने उठवली. १९८९ मध्ये एडिंबरात त्यांचे अंत्यसंस्कार झाले तेव्हा असोसिएशनचा एकही प्रतिनिधी आला नाही. आमच्या माणसाला तुम्ही मान दिला नाही, मग तुमच्या माणसाला आम्ही का द्यावा, असा तो हिशेब. मेलेल्या माणसाचा मानपान कसा पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवला जातो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

असे मौन वारंवार मोडू लागल्यावर टाळ्यांचा पर्याय पुढे आला. इटली-स्पेनमध्ये ती रीत आधीपासून होती. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेडचे जुने खेळाडू जॉर्ज बेस्ट गेल्यावर ती रुळली. टाळ्यांत शिवी बुडून जाते, हा तिचा व्यावहारिक फायदा. जुन्या चाहत्यांना ती अजून पटत नाही, आणि त्यांचे बरोबर आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते: टाळ्या वाजवताना माणूस काहीतरी करत असतो, मौनात त्याला गेलेल्या माणसाचाच विचार करावा लागतो.

ब्रायन क्लफ यांच्या बाबतीत एका माणसावर दोन गावांचा हक्क होता. त्यांनी डर्बी काउंटीला १९७२ मध्ये लीग जिंकून दिली आणि १९७३ मध्ये संचालकांशी भांडून राजीनामा दिला. त्यांना परत आणा म्हणून डर्बीत लोकांनी निदर्शने केली. ते परत आले नाहीत. लीड्समध्ये ४४ दिवस टिकले आणि मग जवळच्याच नॉटिंगहॅम फॉरेस्टला जाऊन त्यांनी १९७९ आणि १९८० असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकले. डर्बी आणि फॉरेस्टचे वैर बोचरे आहे. २० सप्टेंबर २००४ ला क्लफ गेले. शोकसभा डर्बीच्या कॅथेड्रलमध्ये ठरली होती, पण मागणी इतकी वाढली की २१ ऑक्टोबरला ती डर्बीच्या पाऊस कोसळणाऱ्या स्टेडियममध्ये घ्यावी लागली. दोन्ही क्लबांचे मिळून चौदा हजारांवर लोक आले. दोन्ही शहरांना जोडणाऱ्या ए-५२ रस्त्याला पुढच्या वर्षी ‘ब्रायन क्लफ वे’ नाव मिळाले. नाव रस्त्याला दिले हे बरे. तो दोन्ही गावांचा.

भारतात याचे जवळचे रूप कोलकात्यात सापडते. १३ जुलै १९९७ ला सॉल्ट लेक स्टेडियममध्ये पी. के. बॅनर्जींचे ईस्ट बंगाल आणि अमल दत्तांचे मोहन बगान समोरासमोर आले तेव्हा १ लाख ३१ हजार माणसे जमली होती, आणि चर्चा खेळाडूंइतकीच या दोन कोचांची होती. दोघांनीही वेगवेगळ्या काळात दोन्ही क्लब सांभाळले होते, त्यामुळे २०१६ मध्ये दत्ता गेले तेव्हा ‘आमचे’ कोण आणि ‘त्यांचे’ कोण हा प्रश्नच उरला नाही. ‘पीकेदा’ २० मार्च २०२० ला गेले. कोविडमुळे खेळ थांबून आठवडाही झाला नव्हता. त्यांच्यासाठी भरलेल्या स्टेडियममध्ये मौन पाळणे शक्यच नव्हते.

गेल्या काही वर्षांत निरोप मृत्यूच्या आधीच देण्याची रीत दिसू लागली आहे. इंग्लंडचे माजी मॅनेजर स्वेन-योरान एरिक्सन यांनी जानेवारी २०२४ मध्ये कर्करोगामुळे आपल्याकडे फार तर वर्षभर उरले आहे असे जाहीर केले. लिव्हरपूलचे मॅनेजर व्हायची त्यांची जन्माची इच्छा होती. क्लबने २३ मार्चला माजी खेळाडूंच्या सामन्यात त्यांना ती जागा दिली. ऑगस्टमध्ये ते गेले. जो कधी आपला मॅनेजर नव्हता त्याच्यासाठी अ‍ॅनफिल्ड उभे राहिले.

त्याआधीचा मोठा नमुना बॉबी रॉब्सन यांचा. १९३३ मध्ये सॅक्रिस्टन इथे जन्म, बालपण लँगली पार्क या खाणगावात. वडील खाणीत, ५१ वर्षांत त्यांची एकच पाळी चुकली, असे रॉब्सन अभिमानाने सांगत. हेच वडील त्यांना शनिवारी न्यूकॅसलचे सामने बघायला नेत. खेळाडू म्हणून मात्र ते फुलम आणि वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडे गेले. मॅनेजर म्हणून १९६९ ते १९८२ इप्सविचला. १९७८ चा एफए कप, १९८१ चा यूएफा कप. मग इंग्लंडला १९९० च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी. पुढे आइंडहोव्हन, लिस्बन, पोर्तो, बार्सिलोना. लिस्बनला त्यांचा दुभाषा होता जोझे मोरिन्यो नावाचा तरुण, जो पुढे स्वतः नामांकित मॅनेजर झाला. सप्टेंबर १९९९ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, ते बापाने दाखवलेल्या क्लबात आले. संघ तळाला होता. घरच्या पहिल्याच सामन्यात शेफील्ड वेन्सडेवर ८-० विजय, त्यातले पाच गोल अ‍ॅलन शिअररचे. पाच वर्षांत ट्रॉफी एकही नाही, पण चौथा, तिसरा, पाचवा क्रमांक. ऑगस्ट २००४ मध्ये हंगामाचे चारच सामने झाले असताना क्लबने त्यांना काढले.

पाच वर्षांनी न्यूकॅसलची अवस्था केविलवाणी होती. मे २००९ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला, मालकाने क्लब विकायला काढला. कर्करोगाशी पाचव्यांदा झुंजणारे रॉब्सन २६ जुलैला चाकाच्या खुर्चीतून सेंट जेम्स पार्कवर आले. १९९० च्या इंग्लंड-जर्मनी लढतीचा सामना पुन्हा भरवला होता, त्यांच्या कर्करोग संशोधन निधीसाठी. तीस हजारांवर लोकांनी उभे राहून त्यांचे स्वागत केले. पाच दिवसांनी, ३१ जुलैला, ते गेले.

त्यानंतरच्या दिवसांत स्टेडियमच्या एका टोकाचा स्टँड काळ्या-पांढऱ्या जर्सी आणि स्कार्फनी झाकला गेला. इप्सविचचे निळे स्कार्फ होते, सेल्टिकचे होते, आणि संदरलंडच्या लाल-पांढऱ्या जर्सीही होत्या. न्यूकॅसलच्या माणसाला संदरलंडचा रंग घरात चालत नाही. त्या जर्सी कुणी हलवल्या नाहीत. अंत्यसंस्कार खासगी झाले. २१ सप्टेंबरला डरहम कॅथेड्रलमधली श्रद्धांजली सभा सेंट जेम्स पार्क आणि इप्सविचच्या पोर्टमन रोडवर पडद्यावर दाखवली गेली.

न्यूकॅसलचा हंगामातला पहिला सामना योगायोगाने रॉब्सन जिथे खेळले त्या वेस्ट ब्रॉमविचलाच पडला, १-१ बरोबरी. घसरणीमुळे आणखी एक गाठ पडायची होती, कारण इप्सविच खालच्याच लीगमध्ये होते. न्यूकॅसल वरच्या लीगमध्ये टिकले असते तर २६ सप्टेंबर २००९ ला ते पोर्टमन रोडवर खेळलेच नसते. तो दिवस दोन्ही क्लबांनी रॉब्सन यांना वाहिला आणि इप्सविचने आपल्या नॉर्थ स्टँडला त्यांचे नाव दिले. बाहेर २००२ पासून त्यांचा पुतळा होताच. सामन्यात केविन नोलनने तीन गोल केले आणि न्यूकॅसल ४-० ने जिंकले.