पहिल्या मिनिटाची नोंद: अपगार स्कोअर कुठून आला?

प्रसूतीनंतर हातात पडणाऱ्या कागदांमध्ये 'अपगार ८, ९' अशी एक छोटीशी नोंद असते. जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाच्या स्थितीला दहापैकी दिलेले हे गुण. दहापैकी दहा का नाहीत, या विचाराने कितीतरी आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. बाळ शेजारी गाढ झोपलेलं असतं, दूध पीत असतं, तरी तो हुकलेला एक गुण मनातून जात नाही. हे आकडे मुळात कशासाठी आले ते ठाऊक असेल, तर ही काळजी बरीचशी ओसरते.

बाळ धडधाकट आहे का, हे जन्मताच पाहण्याची पद्धत फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या सोरानसने नवजात बाळ कसं पारखावं हे लिहून ठेवलं: ते जोरात रडतं का, हातपाय नीट हलतात का, शरीराची द्वारं मोकळी आहेत का. हे सगळं बघायचं ते बाळ वाढवण्याजोगं आहे की नाही, हे ठरवण्यासाठी. चरकसंहितेचा रोख वेगळा आहे. जन्मताच निपचित पडलेल्या बाळाच्या कानाजवळ दगडावर दगड आपटावा, तोंडावर गार किंवा ऊन पाणी शिंपडावं, सुपाने वारा घालावा, असं त्यात सांगितलं आहे. हे उपाय आज कुणी करू नयेत. पण बाळाकडे बघायचं ते त्याला मदत करण्यासाठी, ही दृष्टी मला मोलाची वाटते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरांकडेही मोजमापाची धड सोय नव्हती. गुदमरलेलं बाळ निळं आहे की पांढरं पडलंय, पहिला श्वास किती सेकंदांनी आला, पहिलं रडू किती सेकंदांनी फुटलं, अशा नोंदी होत. त्या फसव्या असत. आईला गुंगीची औषधं दिलेली असली, तर बाळ जन्मताच एक श्वास घेई आणि मग कितीतरी वेळ श्वासच घेत नसे. कागदावर मात्र 'श्वास लगेच घेतला' असंच राही. त्यातून प्रसूतीच्या खोलीत सगळ्यांचं लक्ष आईकडे, रक्तस्रावाकडे, वारेकडे. फार लहान, निळसर, गप्प बाळ मृतजात समजून बाजूला ठेवलं जाण्याचे प्रकारही होत. अमेरिकेत अर्भकमृत्यू झपाट्याने घटत होते, तरी जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतले मृत्यू त्या वेगाने कमी होत नव्हते.

व्हर्जिनिया अपगार यांचं लक्ष नेमकं तिथे गेलं. त्यांचा जन्म १९०९चा. १९३३मध्ये कोलंबिया विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. त्यांना सर्जन व्हायचं होतं, पण स्त्री सर्जनला व्यवसायात जम बसवणं अवघड जाईल, असं सांगून वरिष्ठांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळवलं. १९४९मध्ये त्या विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयात पूर्ण प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. भूलतज्ज्ञ म्हणून रोज प्रसूतींना हजर असल्यामुळे आईला दिलेल्या औषधांचा बाळावर काय परिणाम होतो, हे त्या जवळून बघत होत्या. त्याच सुमारास रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये एका विद्यार्थ्याने विचारलं, नवजात बाळाची स्थिती तपासायची कशी? हाताशी मिळाला त्या कागदावर त्यांनी पाच गोष्टी खरडल्या, असं सांगतात.

हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, डिवचल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. यंत्र लागत नाही. नाळेच्या मुळाशी दोन बोटं ठेवायची, सहा सेकंदांतले ठोके मोजायचे आणि त्याला दहाने गुणायचं. शंभराच्या पुढे गेले की दोन गुण. नाकात नळी घातल्यावर बाळ नुसतं तोंड वाकडं करतं, की शिंकतं-रडतं? हात ओढला तर तो परत दुमडतो की लुळा पडून राहतो? सराव असलेल्या माणसाला हे सगळं काही सेकंदांत करता येतं. गुण मात्र प्रसूती करणाऱ्याने देऊ नयेत, असं अपगार यांचं म्हणणं होतं, कारण आपल्या हातून झालेल्या कामाला माणूस नकळत झुकतं माप देतो. त्यांची ही अट मला फार शहाणपणाची वाटते.

१९५२मध्ये त्यांनी ही पद्धत परिषदेत मांडली आणि १९५३मध्ये ती छापून आली. त्या लेखात १,०२१ बाळांच्या नोंदी होत्या. पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी ज्यांना शून्य ते दोन गुण होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण १४ टक्के होतं. आठ ते दहा गुणांच्या बाळांत ०.१३ टक्के. पुढे डंकन हॉलडे आणि स्टॅनली जेम्स या सहकाऱ्यांसोबत त्यांनी हे गुण बाळाच्या रक्तातल्या आम्लतेशी (ऑक्सिजन कमी पडला की ती वाढते) ताडून पाहिले. सायक्लोप्रोपेन हा भुलेचा वायू दिलेल्या मातांच्या बाळांना कमी गुण पडतात हे दिसल्यावर त्यांनी स्वतःच तो वापरणं थांबवलं. खुद्द भूलतज्ज्ञानेच असा निर्णय घ्यावा, हे मला या इतिहासातलं सर्वांत मोठं पाऊल वाटतं.

मूळ पद्धतीत गुण एकदाच, एका मिनिटाला दिले जात. नंतर पाचव्या मिनिटाचीही नोंद होऊ लागली आणि बाळ जगण्याचा अंदाज त्या नोंदीवरून अधिक चांगला येतो, असं मोठ्या पाहण्यांत दिसलं. पाच मिनिटांनाही गुण सातच्या खाली असतील, तर विसाव्या मिनिटापर्यंत दर पाच मिनिटांनी पुन्हा मोजतात. २००१मध्ये अमेरिकेत दीड लाखाहून जास्त जन्मांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हाही ही पद्धत तितकीच उपयोगी असल्याचं दिसलं.

आता त्या हुकलेल्या गुणाचं. पहिल्या मिनिटाला जवळजवळ सगळ्याच बाळांचे हातपाय निळसर असतात, म्हणून रंगाचा एक गुण जातो. सात ते दहा गुण म्हणजे बाळ ठीक आहे. पुढे मूल कसं चालेल, बोलेल, शिकेल हे या आकड्यावरून कळत नाही आणि मेंदूला इजा झाली असा निष्कर्ष केवळ त्यावरून काढता येत नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे स्नायू मुळातच सैल असतात, त्यामुळे त्याला गुण कमीच पडतात. श्वास न घेणाऱ्या बाळाला मदत करायची ती लगेच. एक मिनिट होण्याची वाट कुणी बघत नाही.

सगळ्यांत कच्चा दुवा रंगाचा. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर निळसरपणा डोळ्यांना सहज दिसत नाही, म्हणून ओठ आणि जीभ बघावी लागते. तेही पुरेसं भरवशाचं नाही. त्यामुळे मदतीची गरज असलेल्या बाळाच्या उजव्या हाताला आता पल्स ऑक्सिमीटर लावतात. सुदृढ बाळाचंही ऑक्सिजनचं प्रमाण पहिल्या मिनिटाला ६० ते ६५ टक्क्यांच्या आसपासच असतं आणि हळूहळू चढत दहा मिनिटांत ८५ ते ९५वर पोचतं. शिवाय कृत्रिम श्वास चालू असताना दिलेला आठ आणि बाळाने स्वतःच्या बळावर मिळवलेला आठ यांत फरक असतो. म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनांनी २००६मध्ये नवा तक्ता सुचवला. त्यात गुणांखालीच त्या मिनिटाला ऑक्सिजन, कृत्रिम श्वास, छातीवर दाब यांपैकी काय चालू होतं, तेही लिहायचं असतं.