पोटात कात्री नव्हे, गॉज राहतं

"ऑपरेशनात डॉक्टर पोटात कात्री विसरतात," असं दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. त्या भीतीने माणसं हर्नियासुद्धा अंगावर काढतात, याचं फार वाईट वाटतं. प्रत्यक्षात आत राहतात ते बहुधा रक्त टिपायचे गॉजचे (जाळीदार सुती कापडाचे) तुकडे. भिजले की ते आतड्यांत ओळखूच येत नाहीत. म्हणून सुरुवातीला आणि पोट शिवण्याआधी नर्स ते मोठ्याने मोजते.

पण मोजणी जुळली की निर्धास्त, हाही गैरसमजच. अमेरिकेतल्या २००३ च्या अभ्यासात, आत वस्तू राहिलेल्या आणि मोजणी झालेल्या बहुतेक घटनांत ती मोजणी 'बरोबर' नोंदलेली होती. तातडीच्या ऑपरेशनात धोका सुमारे नऊपट होता. ऑपरेशनच्या खास गॉजमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो. शंका आली तर टेबलावरच एक्स-रे काढायला हवा.