खाणावळ, विद्यार्थ्यांची (नाशिक)

खाणावळ, विद्यार्थ्यांची : महिन्याची रक्कम आगाऊ भरून रोज दोन वेळचे जेवण घेण्याची सोय. नाशिकमध्ये बोलण्यात ‘मेस’ हाच शब्द रूढ आहे. पाटीवर मात्र अजूनही ‘घरगुती खानावळ’ असे लिहिलेले दिसते. हॉटेलात ताट विकत घेतात, मेसमध्ये महिना लावतात. सगळे व्यवहार, रुसवेफुगवे आणि हिशेब या एका फरकातून निघतात. पदवीच्या विद्यार्थ्याचा मेसशी संबंध दोन-तीन वर्षांचा असतो. पदव्युत्तर शिक्षण आणि पुढे पीएच.डी. करणाऱ्याचा तो सहा-सात वर्षांपर्यंत लांबू शकतो. म्हणून प्रस्तुत नोंदीत त्याचाच विचार प्रामुख्याने केला आहे.

शब्दाची फोड तीन प्रकारे करता येते. मराठीत क्रियेचा मोबदला दाखवणारे ‘-णावळ’ अंती असलेले बरेच शब्द आहेत: दळणावळ, धुणावळ, शिवणावळ, घडणावळ, लिहिणावळ. त्या न्यायाने खाणावळ म्हणजे खाण्याबद्दल द्यायचे पैसे, आणि मग ते देऊन जेथे जेवतात ती जागा. दुसरी फोड ‘आवलि’ म्हणजे ओळ या संस्कृत शब्दाकडे नेते. वंशावळ, नामावळी यांत तो आहे, आणि जेवणावळीतही पंगतीचा अर्थ उघड आहे. तिसरी फोड ‘खानावळ’ या लेखनावर उभी आहे. कारखाना, दवाखाना यांतील फारसी ‘खाना’ म्हणजे घर. त्याच्याशी हा शब्द जोडला जातो. यांपैकी तिसरी सर्वांत दुबळी वाटते, कारण ‘खाना’ वेगळा काढल्यावर उरलेल्या ‘वळ’ची संगती लागत नाही, ‘न’चे लेखन उच्चारसाधर्म्याने आले असावे. पहिल्या दोहोंत मोबदल्याचा अर्थ अधिक पटतो. जेवणावळीत पंगत असते पण पैसे नसतात. खाणावळीत पंगत असेलच असे नाही, पैसे मात्र असतातच. ‘मेस’ हा शब्द देवळालीच्या लष्करी छावणीतून नाशकात उतरला असे मानण्याचा मोह होतो. पण छावणी नसलेल्या गावांतही तो तितकाच रुळलेला असल्याने महाविद्यालयीन वसतिगृहांची वाट अधिक संभवनीय आहे.

शब्द बदलले तरी क्रियापद बदललेले नाही. वार लावत, खाणावळ लावत, आता मेस लावतात, डबा लावतात. वार लावणे म्हणजे आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक घर ठरवून घेऊन गरीब विद्यार्थ्याने तेथे जेवणे. माधुकरीत दारोदार फिरून शिजलेले अन्न मागावे लागे. वारात घर ठरलेले आणि पान मांडलेले असे. नाशिक हे वेदपठणाचे जुने केंद्र असल्याने या दोन्ही प्रथा येथे, विशेषतः पंचवटीत, परिचित होत्या. मात्र वार मिळणे न मिळणे बव्हंशी जातीवर अवलंबून असे, आणि खेड्यातून आलेल्या बहुजन मुलाला ही दारे सहसा उघडी नसत. ही उणीव भरून काढली ती वसतिगृहांनी. मराठा विद्या प्रसारक समाजाच्या कार्याचा आरंभ १९१४ मध्ये उदाजी मराठा वसतिगृहाने झाला. त्याच्या इमारतीची कोनशिला १९२० मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या हस्ते बसवण्यात आली. येथे आधी राहण्याजेवण्याची सोय झाली आणि शाळा-महाविद्यालयांचा विस्तार मागाहून झाला, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. १९२४ मध्ये गोखले एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय (पुढे हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय) सुरू झाल्यावर उच्च शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला जाण्याची गरज कमी झाली. मालेगाव, बागलाण, निफाडकडची मुले नाशकात राहू लागली, आणि पैसे घेऊन जेवू घालणाऱ्या घरांना नियमित गिऱ्हाईक मिळाले ते साधारण याच सुमारास असावे.

आजच्या मेस कोठे आहेत हे समजण्यासाठी नाशिकच्या विद्यापीठीय रचनेची कल्पना हवी. शहरात दोन राज्यव्यापी विद्यापीठे आहेत: गंगापूर धरणाजवळचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) आणि म्हसरूळचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८). पण पहिल्याचे विद्यार्थी अभ्यासकेंद्रांवर आणि दुसऱ्याचे संलग्न महाविद्यालयांत राज्यभर विखुरलेले असतात. कला, विज्ञान, वाणिज्य शाखांची महाविद्यालये १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाशी (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) संलग्न आहेत. त्यामुळे हजारो विद्यार्थी असूनही त्यांचा एक परिसर, एक भोजनगृह असे येथे नाही. विद्यार्थी भेटतात ते कॉलेज रोड, गंगापूर रोड, पंचवटी, आडगाव येथल्या मेसमध्ये. संशोधन केंद्रही महाविद्यालयातच असते, आणि तेथे एका विषयाचे संशोधक मोजकेच. इतिहासाच्या संशोधकाला रसायनशास्त्राचा संशोधक भेटेल तर ताटावरच.

खाडा. मेसच्या व्यवहाराचा कणा. न जेवलेल्या वेळेची वजावट म्हणजे खाडा. शब्द मजुरीच्या हिशेबातून आला आहे. खाडा गृहीत धरला जात नाही, तो टाकावा लागतो: आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळी भाजी चिरायच्या आत सांगितला तरच तो धरतात. बहुतेक ठिकाणी सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा चालत नाही, कारण एकदोन ताटांनी शिधा कमी होत नाही. वाद होतो तो भागाकारावर. समजा महिना ३,००० रुपये आहे. तीस दिवसांच्या साठ वेळा धरल्या तर एका वेळेचे ५० रुपये. पण चार रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, म्हणून प्रत्यक्ष वेळा ५६ आणि दर सुमारे ५३ रुपये ५० पैसे. पाच दिवसांच्या, म्हणजे दहा वेळांच्या खाड्यात ३५ रुपयांचा फरक पडतो. मेस चालवणाऱ्या मावशी साठने भागतात, विद्यार्थी छप्पनने. महिना लावतानाच भाजक विचारून घ्यावा. पैसे परत देण्याऐवजी तारीख पुढे ढकलण्याची पद्धत अधिक प्रचलित आहे: १ तारखेचा महिना पाच दिवसांच्या खाड्यानंतर ६ तारखेला सुरू होतो. संशोधकाला हीच सोयीची, कारण सुरगाणा किंवा पेठ भागात माहिती गोळा करायला तो एकदम दहा-बारा दिवस जातो. गोंधळ होतो तो तोंडी खाड्याचा. वहीत नाव, तारीख आणि ‘दोन्ही वेळ’ की ‘फक्त रात्र’ हे लिहिलेले नसेल तर महिनाअखेरीस काहीच सिद्ध करता येत नाही.

स्वयंपाकघराचे प्रमाण साधे आहे. एक किलो कणकेला साधारण ६०० मिलिलिटर पाणी लागते आणि ४० ग्रॅमच्या गोळ्याच्या चाळीसेक पोळ्या होतात. साठ मेंबरांना चार पोळ्यांप्रमाणे एका वेळेला सहा किलो कणीक. तूरडाळ माणशी २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे दीड ते पावणेदोन किलो; उसळीचे कडधान्य कोरडे ४० ग्रॅम. ‘लिमिटेड’ ताटात पोळ्या मोजून मिळतात, ‘अनलिमिटेड’मध्ये भाजी मोजून; अमर्याद असते ती पोळी, वरण आणि भात. लासलगावचा कांदा नाशिक जिल्ह्यातलाच असला तरी भाव चढला की त्याचा परिणाम पहिल्यांदा मेसच्या वाटणात दिसतो: कांदा कमी होऊन दाण्याचे कूट वाढते, रस्सा पांढुरका आणि दाट होतो. उन्हाळ्यात तक्रार असते आंबलेल्या वरणाची. सकाळी दहाला शिजवलेले मोठे पातेले झाकून ठेवले तर मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो आणि जिवाणूंना तेच हवे असते; नव्या वरणात उरलेले जुने मिसळले तर दोन्ही जातात. उथळ भांड्यांत काढून लवकर गार करणे आणि संध्याकाळी पुरते उकळणे हा उपाय. भाताचे मात्र उकळूनही भागत नाही, कारण बराच वेळ कोमट राहिलेल्या भातात तयार होणारे एक विष उष्णतेने नष्ट होत नाही. उरलेल्या भाताची फोडणी नाश्त्याला करायची तर भात रात्रीच शीतकपाटात गेलेला असावा.

डबा. आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयातील निवासी डॉक्टर ड्यूटीमुळे, आणि अनेक मुली वसतिगृहाच्या वेळांमुळे, मेसवर न जाता डबा लावतात. डब्यातली पोळी चामट किंवा ओली होते ती पीठ वाईट म्हणून नव्हे. तव्यावरून उतरलेली पोळी लगेच बंद केली की तिची वाफ झाकणाला लागून पाण्याच्या थेंबांनी परत पोळीवर पडते. सर्वांत वरच्या पोळीची कड चिकट लागते ती यामुळे. पोळ्या फडक्यावर पसरून वाफ जाऊ द्यावी, मग तेल लावून घडी घालावी, आणि कप्प्यात एक कोरडे फडके ठेवावे. रस्साभाजीचा कप्पा नेहमी खाली.

मेसची भिंत. हात धुण्याच्या जागेजवळची भिंत हे विद्यार्थ्यांचे वार्तापत्र. ‘कॉट बेसिसवर जागा’, ‘रूम पार्टनर पाहिजे’, प्रबंधाचे टायपिंग व बाइंडिंग, अभ्यासिकेत रिकामी झालेली खुर्ची, अधिछात्रवृत्तीसाठीच्या आंदोलनाची तारीख असे कागद तेथे लागतात. आता बरेचसे काम व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर होते. सकाळी भाजीचे नाव आणि त्याखाली खाड्यांची रांग. पण सर्वांत मोलाची बातमी कागदावरही नसते आणि गटावरही नसते, ती ताटावर कळते: कोणत्या गाइडकडे, म्हणजे पीएच.डी.च्या मार्गदर्शकाकडे, जागा होणार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. एखाद्याचा प्रबंध सादर झाला, तोंडी परीक्षा ठरली, की जागा मोकळी होण्याचा अंदाज आधी मेसमध्ये बांधला जातो आणि यादी नंतर लागते. याच विनियमांत किमान मुदत तीन वर्षे आणि कमाल सहा वर्षे आहे. महिला व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते.

शासकीय वसतिगृहांतील भोजनाची कथा वेगळी आहे. आदिवासी विकास विभागाने २०१८ मध्ये शहरी वसतिगृहांतील भोजनगृहांऐवजी रक्कम थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात देण्याचे धोरण आणले. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला असल्याने त्याविरुद्धचा विद्यार्थ्यांचा पायी मोर्चा त्याच वर्षी जुलैत पुण्याहून नाशिककडे निघाला. त्यांचे म्हणणे रास्त होते. मेस आगाऊ पैसे मागते आणि अनुदान हप्त्याने येते. मधल्या आठवड्यांत मुलाने जेवायचे कोठे, याचे उत्तर धोरणात नव्हते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वयंम् या योजना आहेत. त्यांतही भोजनभत्ता पैशांच्या रूपातच मिळतो. अशा विद्यार्थ्याला हप्ता येईपर्यंत उधारीवर जेवू घालणाऱ्या मेस नाशिकमध्ये आहेत, आणि त्या उधारीची नोंद खाड्याच्याच वहीत, मागच्या पानावर होते.