डीप टिश्यू मसाजमधला योग्य दाब

डीप टिश्यू मसाजमधला योग्य दाब म्हणजे स्नायूंच्या आतल्या थरांपर्यंत आणि त्यांच्याभोवतीच्या फॅशिया नावाच्या आवरणापर्यंत पोचेल इतका, पण अंग आखडणार नाही इतपतच दिलेला जोर. ऐरोली-महापेला दिवसभर लॅपटॉपवर वाकून बसायचं, मग ट्रान्सहार्बर लोकलला उभ्याने लटकत यायचं, मान-खांदे पार धरलेले, त्यामुळे वाशी किंवा घोडबंदर रोडच्या स्पामध्ये लोक टेबलवर पालथं पडल्या पडल्या "फुल प्रेशर द्या" म्हणतात, आणि तिथेच गडबड होते.

कारण सहन होईना इतकं दुखलं की शरीर आपोआप स्नायू आवळून घेतं. पाठीत वरच्या थरात ट्रॅपेझियस हा स्नायू आणि त्याच्या आतल्या थरात ऱ्हॉम्बॉइड असतो, वरचाच घट्ट झाला तर खालच्यापर्यंत हात जाणार कसा? म्हणून आधी तळहाताने हलकं चोळून अंग सैल करायचं, मग बोटांची पेरं, मनगट ते कोपर हा हाताचा भाग, शेवटी कोपर. तेल कमीच, नाहीतर हात घसरतो. जोर मनगटातून काढायचा नाही, अंगाचं वजन टाकायचं, आणि कोपराचं टोक लहान असल्याने तेवढंच वजन तिथे कितीतरी जास्त टोचतं हे लक्षात ठेवायचं. गाठ लागली की घासत बसू नये, दाब धरून थांबावं, ती सैल होत गेली की तसं आत जावं. सगळ्यात महत्त्वाचा हा संथपणा, आणि घाईच्या सेशनमध्ये नेमका तोच मिळत नाही.

दुखण्याला 0 ते 10 आकडे दिले तर 5-6 ठीक, 7 च्या वर जाऊ नये, साधारण "दुखतंय पण बरं वाटतंय" असं. श्वास रोखला, मुठी वळल्या, पायाची बोटं आखडली तर दाब जास्त झालाय. मुंग्या किंवा करंटसारखी कळ आली तर नस दाबली जातेय, लगेच जागा बदलायची. "थोडं हलकं" म्हणायला लाजू नये, आतून कसं वाटतंय ते झोपलेल्यालाच कळतं.

मांडी आणि कुल्ल्याचे स्नायू बराच दाब घेतात, पण गळ्याची पुढची बाजू, काख, गुडघ्यामागची खोबण आणि मणक्याचं हाड यांवर जोर नकोच. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ असतील, व्हेरिकोज व्हेन्स (पायाच्या फुगलेल्या शिरा) असतील तर आधी डॉक्टरला विचारावं. एकाच पोटरीला सूज, दुखणं आणि गरमपणा असेल तर मसाज अजिबात नको, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं.

नंतर एक-दोन दिवस अंग ठणकणं नॉर्मल. काळेनिळे डाग पडले की "विष बाहेर पडलं" असं सांगतात ते खोटं आहे, बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, पुढच्या वेळी दाब कमी करायला सांगावं. लघवी गडद चहासारखी झाली तर मात्र थांबू नये, क्वचित स्नायू तुटून किडनीवर ताण येतो, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं.